उपकेंद्रात बीपीचा पेशंट टिकवायचा कसा?

नव्याने रुजू झालेल्या सीएचओंसाठी (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी) लिहितेय. आपलं उपकेंद्र मुळात लसीकरण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजनासाठी उभं राहिलं. डोस दिला, रजिस्टरला नोंद केली, विषय संपला. 2018 नंतर आयुष्मान भारत आलं, पुढे पाटीही ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली. आता दारात येतो तो पन्नाशीचा बीपीवाला. त्याला दर महिन्याला यायचंय, तेही जन्मभर.

सुरुवात सीबॅक फॉर्मपासून, म्हणजे सवयी विचारून आजाराच्या धोक्याला गुण देणाऱ्या फॉर्मपासून. तिशीच्या पुढच्यांचे फॉर्म आशाताई भरतात; गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला आधी बोलवा. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर बायका नाही म्हणतात. ‘मिश्री लावता का?’ असं विचारा, मग खरं कळतं. तोंडही तेव्हाच तपासून घ्या.

बीपी घेताना घाई नको. पाच मिनिटं बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. झंपरची तंग बाही वर सारून पट्टा बांधू नका, दंड आवळला जातो. मोजताना गप्पा बंद (आमच्याकडे हेच सगळ्यात अवघड!). दोनदा मोजा. 140/90 किंवा वर असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. गोळी तेच सुरू करतील, पुढची महिन्याची पाकिटं तुमच्याकडून.

खरं काम इथून पुढे. किती तपासले हे वर सगळे विचारतात, किती परत आले हे क्वचित कुणी. म्हणून प्रत्येकाचं कार्ड करा आणि नावाप्रमाणे नाही, पुढच्या तारखेप्रमाणे खोक्यात लावा. तारीख उलटूनही त्याच जागी राहिलेलं कार्ड म्हणजे न आलेला माणूस. त्याच आठवड्यात फोन करा, नाही लागला तर आशाताईंना घरी पाठवा. ‘बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली’ हेच उत्तर बहुतेकदा मिळेल. रागावू नका, तिथेच बीपी मोजून आकडा दाखवा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी दसऱ्याआधीच करा. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून त्या लोकांना जास्त दिवसांच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी बरोबर द्या.

आणि गोळ्यांची मागणी मागच्या महिन्याच्या खपावरून कधीच लिहू नका. साठा संपलेल्या महिन्यात खप कमीच दिसणार, त्यावर पुढचा साठाही कमीच येणार. खोक्यातली कार्डं मोजा, गुणिले तीस, आणि थोड्या वर.