ब्रेक्झिटच्या अटींवरील वाद कसा समजून घ्यावा

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही, याचा कौल २३ जून २०१६ च्या सार्वमताने ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा दिला; कोणत्या अटींवर बाहेर पडावे, हे मात्र त्या मतपत्रिकेवर विचारलेलेच नव्हते. म्हणून कोणाचेही विधान वाचताना बोलणारा निर्णयाविषयी भांडतो आहे की अटींविषयी, हे प्रथम तपासावे.

मग कागद ओळखावा. देणी, नागरिकांचे हक्क आणि आयर्लंडची सीमा हे विषय माघारीच्या करारात होते. व्यापाराचा करार वेगळा, आणि तो डिसेंबर २०२० मध्ये ठरला. या दोहोंची सरमिसळ भल्याभल्यांनी केली.

विरोधक सगळे एकाच मताचे असतात, असे धरून चालू नये. १५ जानेवारी २०१९ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा माघारीचा करार संसदेत २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला, तेव्हा हा करार देशाला संघाशी बांधून ठेवतो म्हणणारे आणि मुळात ब्रेक्झिटच नको म्हणणारे खासदार नकाराच्या एकाच दालनातून गेले (तिथे खासदार होकाराच्या किंवा नकाराच्या दालनातून जाऊन मत नोंदवतात).

सर्वांत जास्त वेळ आयर्लंडला द्यावा. या बेटावर ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड देश यांच्यात सीमा आहे. त्या सीमेवर तपासणी नको, असे ठरल्यावर ती तपासणी हे बेट आणि ग्रेट ब्रिटन यांच्यामधल्या आयरिश समुद्राकडे सरकली, आणि ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या दुकानात जाणारी शीतपेटीतली सॉसेजेसुद्धा (हसू येते, पण खरे आहे) दोन्ही बाजूंच्या वाटाघाटींचा विषय झाली. एखादी अट पारखायची असेल, तर असाच एक जिन्नस निवडून तो बंदरापासून दुकानापर्यंत कोणकोणत्या कागदांतून जातो, ते पाहावे.