मोठ्या क्रीचरचा मोह आवरा
मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांसारख्या कार्डांच्या खेळात ड्राफ्ट (पाकिटं फोडून एकेक कार्ड निवडत डेक, म्हणजे आपला कार्डांचा गठ्ठा, बनवायचा प्रकार) खेळताना ४० कार्डांचा डेक लागतो, त्यात साधारण १७ लँड (माना, म्हणजे बाकीची कार्डं खेळायला लागणारी ऊर्जा, देणारी कार्डं) धरली तर उरतात २३, त्यातली १५-१६ क्रीचर (लढणाऱ्या प्राण्यांची कार्डं) ठेवा. आता नवीन माणूस काय करतो तर कोलोसल ड्रेडमॉसारखी ६ मानाची, ६/६ वाली (ताकद ६, टिकाव ६) धूडं गोळा करतो (मीपण केलंय, लाज वाटते) आणि पाचव्या टर्नपर्यंत हातात कार्डं धरून नुसता मार खातो. त्यामुळे आधी २ मानाची पाच-सहा क्रीचर बघा, साधी २/२ असली तरी चालतील, मग ३ ची चार, आणि ६ किंवा त्याहून जास्त मानाची फारतर दोन. हिरवा रंग असेल तर लानोवार एल्व्ज हे क्रीचर मिळाले की डोळे झाकून घ्या, १ मानात येतात आणि पुढच्या टर्नपासून जास्तीचा माना देतात.