ढोलकी घेऊन बारीला बसणार असाल तर

लालबागचं हनुमान थिएटर, पुण्याचं आर्यभूषण. संगीतबारीच्या, म्हणजे बैठकीच्या लावणीच्या, अशा थिएटरांत पूर्वी फर्माईश आली की गाणारी बदलायची, आणि गाणारीबरोबर पट्टीही, म्हणजे तिच्या मूळ सुराची उंची. ढोलकीवाल्याची खरी परीक्षा तिथं व्हायची. आज बारी कमी झाली, स्टेज शो वाढले, पण घोळ तोच. नवी मुलं तोडे आणि लग्ग्या, म्हणजे वाजवायचे तयार तुकडे, घोटून येतात आणि शाई, म्हणजे चढ्या सुराच्या तोंडावरचा काळा लेप, सुरात नसते. बेसूर ढोलकी जितकी जोरात वाजवाल तितकी गाणारी घसरते, आणि शिव्या तुम्हालाच बसतात.

शाईची बाजू गाणाऱ्याच्या षड्जाला, म्हणजे सा ला, लावायची. काळी चारची, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराची, ढोलकी ऐनवेळी काळी पाचपर्यंत ताणू नका. ते दोन अर्धस्वरांचं, म्हणजे पूर्ण एका स्वराचं अंतर आहे. शाईच्या कपच्या उडतात, नाहीतर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, कडेला फाटते. त्यापेक्षा दोन ढोलक्या ठेवा, एक काळी चार, एक काळी पाच. पुरुष गायक काळी एकमध्ये आला तर काळी चार हा त्याचा पंचम, म्हणजे प, होतो, आणि तोही षड्जाशी जुळतो. काळी दोनला काळी पाच. दोन नगांत चार पट्ट्या भागतात.

नटबोल्टची ढोलकी असेल तर बोल्ट गोल फिरत, एकामागून एक कसू नका. इथंच बहुतेकजण फसतात. पुडी एका अंगाला ओढली जाते, मधोमध सूर बरोबर वाटतो, पण कडेला प्रत्येक ठिकाणी वेगळा बोलतो आणि आस, म्हणजे थापेनंतरची गुंज, टिकत नाही. समोरासमोरचे बोल्ट घ्या, एका वेळी पाव आटा, म्हणजे पाव फेरा. प्रत्येक बोल्टजवळ कडेला बोटानं टिचकी मारून ऐका. जो चढलेला आहे तो आधी सैल करा, उतरलेला नंतर कसा. उलट केलंत तर सूर वर वर पळत राहतो. मोबाईलवरचं ट्यूनर अ‍ॅप विसरा, थापेच्या आवाजात ते गोंधळतं. पेटीवाल्याला सूर धरायला सांगा.

हे सगळं स्टेजवर, दिवे लागल्यावर. दिव्यांच्या उष्णतेनं पुडी चढते, समुद्राच्या दमट वाऱ्यानं उतरते. ग्रीनरूममध्ये लावलेली ढोलकी गणापर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेपर्यंतसुद्धा टिकत नाही.

धुमाची, म्हणजे खर्जाची बाजू सैलच हवी, मनगट दाबलं की घुमारा निघेल इतकी. ढोलकी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलीत तर आतला मसाला पातळ होऊन पसरतो आणि धूम बद्द होते.

घाबरू नका, कान बसतो. हात तयार नसला तरी साध्या धुमाळी ठेक्यावर अख्खा कार्यक्रम निभावतो. शब्द चालू असताना हात आवरा, ओळ संपली की उठाण, म्हणजे जोरकस तुकडा, घ्या. झटपट शिकवणाऱ्या क्लासपेक्षा चार कार्यक्रम तुणतुणेवाल्याच्या शेजारी बसून काढा. तोडा शिकवणारे गुरू ढीगभर मिळतात. थांबायला शिकवणारा मिळाला तर सोडू नका.

कार्यक्रम संपला की सगळे बोल्ट अर्धा आटा सैल. मुंबईच्या पावसात कसलेली ढोलकी तशीच सोलापूरच्या कोरड्या हवेत नेलीत, तर पिशवीतच फाटते.