औषधी वनस्पतींच्या अर्काची विषारीपणाची चाचणी: नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

या कामाला येणारे बरेच विद्यार्थी निकाल मनात पक्का करूनच येतात. वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे म्हणजे ती निर्धोकच, आपण फक्त प्रयोगशाळेचा शिक्का मारायचा. त्यांना मी आधी ॲरिस्टोलोकिया या औषधी वनस्पतीबद्दल वाचायला लावतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. गोळ्यांत स्टेफानिया टेट्रान्ड्रा या वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची आली होती. पुढे त्यांच्यापैकी काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. औषध घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ते परंपरेच्या लक्षात राहतं. पण वनस्पतीतलं द्रव्य डीएनएला चिकटून वर्षांनी उगवणारा आजार कुणी त्या वनस्पतीशी जोडणार नाही. जनुकीय विषारीपणाची, म्हणजे डीएनएला किंवा गुणसूत्रांना इजा होते का याची, चाचणी लागते ती यासाठीच.

म्हणून पहिलं काम वनस्पती ओळखून घेण्याचं. वर्गीकरणतज्ज्ञाकडून नाव पक्कं करा, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा करा, त्याचा क्रमांक वहीत लिहा. मग अर्क एकदाच भरपूर करा, छोट्या कुप्यांत भरून गोठवा, आणि सगळ्या चाचण्या त्याच बॅचवर करा. दर महिन्याला ताजा अर्क काढणाऱ्याचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मग दोष पेशींना दिला जातो. पाण्याचा अर्क आणि मेथॅनॉलचा अर्क ही जवळजवळ दोन वेगळी औषधंच समजा. लोक काढा पीत असतील तर पाण्याचा अर्क तपासायलाच हवा.

पेशींवरची चाचणी आधी, जनुकीय नंतर. कारण मात्रा तिथूनच ठरते. पेशी मरत असतील तर तुटलेला डीएनए दिसणारच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. इथे एमटीटी चाचणी सोपी म्हणून सगळे तीच करतात. तीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं फॉर्मॅझान करतात, आणि रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज घेतात. पण अर्कातले अँटिऑक्सिडंट पेशींच्या मदतीविना एमटीटीचा जांभळा फॉर्मॅझान करतात. पेशी मेलेल्या, आणि आकडा जिवंत असल्याचा! पेशी न घातलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) अर्क आणि एमटीटी एकत्र ठेवून बघा. रंग आला तर ट्रायपॅन ब्लूने, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या निळ्या रंगाने, मोजणी करून खात्री करा. उलटही होतं: अर्कातले पॉलिफेनॉल पेशी वाढवण्याच्या द्रवात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि पेशी त्यानेच मरतात. पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज हे विकर घालून फरक पडतो का, ते पाहा.

जिवाणूंवर उत्परिवर्तन तपासणाऱ्या एम्स चाचणीतली अडचण वेगळी. त्यातल्या साल्मोनेला जिवाणूंना हिस्टिडिन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल बनवता येत नाही. उत्परिवर्तनाने ती क्षमता परत आली की वसाहती उगवतात. पण अर्कातच हिस्टिडिन असेल तर? जिवाणू फुकटचं खाऊन वाढतात आणि निकाल खोटा पॉझिटिव्ह येतो. प्लेटवरची मागची धूसर वाढ नेहमीपेक्षा दाट दिसली की सावध व्हा. यकृताच्या विकरांचं एस-९ मिश्रण घालून आणि न घालता, दोन्ही प्लेट लावा. काही द्रव्यं शरीरात रूपांतर झाल्यावरच घातक होतात.

आणि एम्स निगेटिव्ह आली म्हणून थांबू नका. कळलावीतलं कोल्चिसिन हे विषारी द्रव्य डीएनएच्या अक्षरांना हात लावत नाही, पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे तंतूच ते मोडतं. ते पकडायला मायक्रोन्यूक्लियस चाचणी हवी. तीत मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेल्या गुणसूत्रांची छोटी केंद्रकं मोजतात.

पैसे किंवा पेशींची सोय नसेल तर कांद्याच्या मुळांपासून सुरुवात करा. कांद्यात १६ मोठी गुणसूत्रं असतात, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतात. मुळाचं टोक ३ भाग इथेनॉल, १ भाग ॲसेटिक आम्लात स्थिर करायचं, कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायचं, ॲसिटोकार्मिनने रंगवून स्लाइडवर कव्हरस्लिपखाली दाबायचं. अंगठा सरळ खाली. तो जरा सरकला की गुणसूत्रं गुंडाळली जातात, आणि नवखा त्यालाच विकृती समजून मोजतो. दोन टोकांकडे निघालेल्या गुणसूत्रांमध्ये ताणलेला पूल दिसला, तर तो मात्र खरा. स्लाइडवर सांकेतिक क्रमांक टाकून मोजणी दुसऱ्याला करायला सांगा. अर्क कुठला हे माहीत असलं की डोळे हवं तेच शोधतात.

नोकरीच्या दृष्टीनेही एक सांगतो. औषध कंपन्यांची आणि करारावर चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांची भाषा ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांची असते. ४७१ एम्ससाठी, ४७३ गुणसूत्र विकृतींसाठी, ४७४ आणि ४८७ मायक्रोन्यूक्लियससाठी. ती मोफत मिळतात. प्रबंध सुरू करण्याआधीच वाचा. निष्कर्षात ‘अर्क सुरक्षित आहे’ असं लिहू नका. ‘या मात्रेपर्यंत, या चाचणीत, उत्परिवर्तन आढळलं नाही’ एवढंच लिहा. परीक्षक पुढचा प्रश्न मात्रेवरच विचारतात, त्याचं उत्तर तयार ठेवा.