दुसऱ्याचा मॉड आपल्यापुरता बदलताय? या चुका टाळा

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये एखाद्या मॉडमधलं (मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये घातलेली भर) नवं पीक वाजवीपेक्षा महाग विकलं जातंय, किंवा एखाद्या पात्राचा चेहरा पटत नाही. फाईल उघडली, आकडा बदलला, झालं. स्वतःच्या संगणकावर एवढं करायला सहसा कुणाला विचारावं लागत नाही. कितीतरी मॉडर, म्हणजे मॉड बनवणारे, तसं स्वतःच लिहून ठेवतात. वाजतं ते बदललेली प्रत घराबाहेर पडली की, नाहीतर तिच्यातल्या बिघाडाची तक्रार मूळ मॉडरकडे गेली की.

यातला दुसरा प्रकार जास्त होतो आणि जास्त चीड आणतो.

स्वतः केलेला बिघाड मॉडरच्या गळ्यात घालणं

गेम सुरू करताना स्मॅपीच्या (मॉड चालवणारा प्रोग्रॅम) काळ्या खिडकीत लाल ओळी आल्या की लोक लॉग, म्हणजे त्या ओळींची नोंद, उचलून मॉडरला पाठवतात. त्या लॉगमध्ये मॉडचं नाव, आवृत्ती आणि मॉडरचं नाव दिसतं. तुम्ही 40व्या ओळीतला स्वल्पविराम उडवलाय, हे दिसत नाही. मग नोकरी सांभाळून फुकटात मॉड बनवणारा तो माणूस स्वतःच्या धडधाकट फाईलमध्ये चूक शोधत बसतो.

तक्रारीआधी एवढं करा. बदललेलं फोल्डर मॉड्सच्या फोल्डरमधून बाहेर काढा, मूळ मॉड नव्याने उतरवून टाका आणि गेम चालवून बघा. एरर तशीच असेल तर खुशाल कळवा. गेली, तर चूक तुमच्या बदलात आहे. बहुतेक वेळा स्वल्पविराम राहिलेला असतो किंवा कंस बंद केलेला नसतो. मॉडच्या या फाईली ज्या पद्धतीने लिहितात तिला जेसन म्हणतात; स्मॅपीच्या साइटवरच्या जेसन तपासनीसात मजकूर टाकला की कुठली ओळ चुकली ते दिसतं. फाईल वर्डमध्ये उघडली असेल तर अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि ती जेसनला चालत नाहीत. साधं नोटपॅड वापरा.

तरीही विचारायचंच असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मी अमुक फाईल बदलली आहे.’ ‘मग मी मदत करू शकत नाही’ असं उत्तर आलं तर रुसू नका, त्यात गैर काही नाही.

सेटिंग असताना फाईल फोडणं

कॉन्फिगची, म्हणजे सेटिंगची फाईल बहुधा गेम मॉडसकट एकदा चालवल्यावर तयार होते. ती आधी दिसत नाही म्हणून लोक थेट आतल्या फाईलला हात घालतात. हवा तो पर्याय बऱ्याचदा तिथेच असतो.

मूळ फाईलमध्येच बदल करणं

नवी आवृत्ती आली की तुमचा बदल पुसला जातो आणि काय बदललं होतं ते आठवत नाही. त्यापेक्षा कंटेंट पॅचरसाठी (मूळ फाईलींना हात न लावता बदल लागू करणारा मॉड) स्वतःचा छोटा पॅक बनवा. त्याला वेगळा युनिक आयडी (ओळखीचं नाव) द्या, मॅनिफेस्टमध्ये (पॅकची माहिती देणारी फाईल) मूळ मॉडवर अवलंबून असल्याचं नोंदवा आणि बदलाची प्रायॉरिटी ‘लेट’ ठेवा, म्हणजे तुमची किंमत मूळ मॉडनंतर लागू होईल. वस्तूचा आयडी मात्र बदलू नका. जुन्या सेव्हमधल्या त्या वस्तूच्या जागी ‘एरर आयटम’ दिसेल.

या पद्धतीत शिष्टाचारही आपोआप पाळला जातो. पॅकमध्ये फक्त तुमचे आकडे असतात, मॉडरचं काही नसतं, त्यामुळे तो कुणाला दिला तरी सहसा वाद होत नाही. चित्रांचं तसं नाही. दुसऱ्याच्या चित्रातल्या साडीचा रंग बदलला तरी चित्र त्याचंच राहतं.

बॅकअप मॉड्सच्या फोल्डरमध्येच ठेवणं

एकाच युनिक आयडीची दोन फोल्डरं सापडली की स्मॅपी दोन्ही वगळतं. बॅकअप बाहेर ठेवा, किंवा फोल्डरच्या नावाआधी टिंब द्या.

‘श्रेय दिलंय ना!’

श्रेय आणि परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. नेक्सस मॉड्स या मॉडच्या साइटवर प्रत्येक मॉडखाली परवानग्यांचा भाग असतो. बदलणं, दुसरीकडे अपलोड करणं, चित्रं किंवा इतर सामग्री वापरणं, याबद्दल तिथे वेगवेगळं लिहिलेलं असतं. एकाला हो म्हणजे सगळ्याला हो नव्हे. कोड सगळ्यांना वाचता येतो पण सोबत परवान्याची फाईल दिलेली नाही, तरीही हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. उत्तर न देणारा मॉडर ‘हो’ म्हणतोय असंही धरू नका. काही जण मात्र ‘मी गायब झालो तर खुशाल पुढे न्या’ असं लिहून ठेवतात, म्हणून आधी पान नीट वाचा.

पैसे आले की हे किती लवकर पेटतं ते एप्रिल 2015 मध्ये दिसलं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने आणि स्कायरिम हा गेम काढणाऱ्या बेथेस्डाने स्टीमवर स्कायरिमचे मॉड विकायला काढले. पहिल्या यादीतला मासेमारीचा एक मॉड दुसऱ्याच्या अॅनिमेशनच्या कामावर उभा होता आणि तो लगेच काढला गेला. सगळी योजनाच आठवड्याच्या आत गुंडाळली.

मित्रासोबत को-ऑप खेळताना तुमची बदललेली झिप त्याला देण्याचा मोह होतो. त्याला मूळ मॉडची लिंक द्या आणि सोबत तुमचा छोटा पॅक. आवृत्त्या जुळायलाही तेच सोपं पडतं.

यूट्यूबवर खेळ दाखवत असाल तर वर्णनात एक ओळ टाका: ‘हा मॉड मी माझ्यापुरता बदलला आहे.’ नाहीतर ‘हे सेटिंग कुठे सापडेल?’ असं प्रेक्षक मॉडरला विचारत बसतील आणि त्याच्याकडे त्याचं उत्तर नसेल.