जर्मनीत संशोधनासाठी सहकुटुंब जाताय? निवास परवान्याच्या या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जोडीदाराला शेंगेन टुरिस्ट व्हिसावर बोलावून घेणे आणि 'परवाना तिकडे गेल्यावर काढू' असे ठरवणे. भारतीय पासपोर्टवर हे सहसा जमत नाही. शेंगेन व्हिसावर असताना परवान्याचा अर्ज टाकला म्हणून राहण्याची मुदत वाढत नाही. भारतात परतून नॅशनल व्हिसासाठी, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या 'डी' व्हिसासाठी, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे कुटुंबाचेही 'डी' व्हिसाचे अर्ज संशोधकाच्या अर्जाबरोबरच द्या.

संशोधकाला परवाना जर्मन निवास कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मिळतोय, हे आधीच विचारून घ्या. संशोधकांसाठीचे कलम १८डी असेल तर नुसते नेमणूकपत्र पुरत नाही, संशोधन संस्थेबरोबरचा यजमान-करार किंवा तसाच संशोधनाचा करार लागतो. पण मग जोडीदाराला जर्मन भाषेच्या ए१ (अगदी प्राथमिक पातळीच्या) प्रमाणपत्राची अट राहत नाही. पीएचडी करणाऱ्यांना काही वेळा १६बी हा विद्यार्थी परवाना मिळतो आणि तिथे ए१ सहसा मागतातच. ऐनवेळी हे कळले, तर परीक्षेपायी कुटुंबाचे येणे काही महिने लांबते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, म्हणून तो देणार का, हे भाडे ठरवतानाच विचारा. शिवाय खालच्या पत्रपेटीवर नाव लावा. तिथला पोस्टमन पेटीवरचे नाव पाहून टपाल टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जाते. पत्नीच्या पासपोर्टवर माहेरचे आडनाव असेल तर दोन्ही आडनावे लावा, नाहीतर तिच्या परवाना-कार्डाचे पिनचे पत्र पोचणार नाही.

प्रवास विम्यावर परवाना मिळेल असे धरून चालू नका. स्कॉलरशिपवर येणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांना नोकरदारांसारखा सरकारी आरोग्य विमा आपोआप लागू होत नाही.

परवान्याच्या नूतनीकरणाला अपॉइंटमेंट उशिराची मिळाली तरी चालेल, पण अर्ज जुनी मुदत संपण्याआधीच गेला पाहिजे. त्याची पोच जपून ठेवा. मधल्या काळासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मिळतो. त्यावरची खूण बघितल्याशिवाय भारताचे तिकीट काढू नका: त्याच कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमासमोर असेल तर परत येता येते, तिसऱ्यासमोर असेल तर नवा व्हिसा लागतो. पासपोर्टची मुदतही तपासा, कारण परवाना तिच्यापुढे देत नाहीत.

बाळाचा जन्म तिथे झाला म्हणजे परवाना नको, हा गैरसमज आहे. नुकत्याच आलेल्या भारतीय आईवडिलांचे मूल जन्माने जर्मन होत नाही. त्याच्या परवान्याचा अर्ज जन्मापासून सहा महिन्यांच्या आत द्या. तत्पूर्वी त्याला पासपोर्ट हवा आणि त्यासाठी भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी हवी. जर्मन जन्मदाखला हातात येताच त्याच आठवड्यात वकिलातीची वेळ घ्या.