मुलांना मदत करताय? आधी दुरेघी आणि एकरेघी वहीतला फरक शिका

मे महिना संपत आला की दुकानाचा फोन वाजायला लागतो. "वहिनी, दोनशेपानी वही काय भावाने पडेल? पन्नास डझन घेतल्या तर?" पलीकडे मुंबईचं कुठलं तरी मंडळ असतं. गावच्या शाळेत वह्यावाटप ठरलेलं असतं, पाहुणे ठरलेले असतात, बॅनर छापायला गेलेला असतो. शाळेला नक्की काय हवंय, एवढंच तेवढं विचारायचं राहिलेलं असतं.

दापोलीच्या बाजारात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या विकून माझं घर चालतं, तरी सांगते, न विचारता वह्या घेऊ नका. आजूबाजूच्या कातकरवाड्यांतली, आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळ्यांची, हर्णैच्या होड्यांवर जाणाऱ्या खलाशांची अशी दहाबारा मुलं दर वर्षी माझ्या नजरेखाली असतात. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. दुकानात येतात, काय अडलंय ते सांगतात, जमेल तेवढं बघते. वीस वर्षं त्याच त्याच चुका बघून आता तोंड उघडावंसं वाटतंय. त्यातल्या दोनतीन माझ्याही आहेत.

जूनमध्ये वह्यांचा पाऊस

पहिली-दुसरीच्या मुलाला अक्षर बसेपर्यंत दुरेघी वही लागते. गणिताला चौकटी, इंग्रजीला चौरेघी. वाटपवाले घेतात सगळ्यांना सरसकट दोनशेपानी एकरेघी, कारण ती जाडजूड दिसते आणि एकच माल घेतला की भाव तुटतो. सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात अशा सहा वह्या म्हणजे नुसतं ओझं.

एका वर्षी श्रावणात एक बाई छत्री दाराशी टेकवून आत आली. पिशवीतून सात वह्या काढून काउंटरवर ठेवल्या. "काकू, ह्या ठेवा नि पोरीला ती दोन रेघांची द्या. बाई रोज उभी करतात तिला." एकाच शाळेत त्या वर्षी तीन मंडळांनी वाटप केलं होतं. पोरीकडे एकवीस एकरेघी वह्या होत्या नि दुरेघी एकही नाही. मी दुरेघी दिल्या, त्या सात ठेवून घेतल्या, पण विकणार कोणाला? मुखपृष्ठावर दात्याचा हात जोडलेला फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट. शेवटी त्यात मी उधारी लिहायला घेतली. पाच वह्या भरल्या, सहावी चालू आहे. गिऱ्हाइकाने उधारी विचारली की त्या साहेबांचा हसरा चेहरा आधी उलटावा लागतो.

उपाय साधा आहे. शाळेत फोन करा आणि मुख्याध्यापकांना नव्हे, पहिलीच्या वर्गाच्या बाईंना विचारा. मुख्याध्यापक 'द्याल ते चालेल' म्हणतात, बिचाऱ्यांना कोणाला दुखवायचं नसतं. आणि वह्या द्यायच्याच असतील तर निम्म्या दिवाळीनंतर द्या. जूनच्या वह्या दिवाळीपर्यंत भरतात, काही गळक्या घरात भिजतात, आणि दुसऱ्या सत्राला कोणीच वाटप करत नाही.

लहानग्यांवर सगळी माया, नववीला कोणी नाही

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि ती चूक आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. दुपारचा पोषण आहारही आठवीपर्यंत. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे तोही आठवीच्या आसपासच संपतो. नववीच्या पहिल्या दिवशी या तिन्ही गोष्टी एकदम हातातून जातात. त्यात हायस्कूल वाडीपासून पाचसात किलोमीटर, मध्ये एखादा पऱ्या, म्हणजे ओढा, त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, असला तर असला. नेमकं याच वयात पोरगं कामाचं झालेलं असतं. होडीवर घेतात, चिऱ्याच्या खाणीवर घेतात, मुलगी असेल तर धाकटी भावंडं आहेतच.

आणि मदत कुठे जाते? पहिली ते चौथी. का, तर लहान मुलं गोड दिसतात. नववीतल्या मिसरूड फुटलेल्या, मान खाली घालून उभ्या असलेल्या पोराला दप्तर देताना तसा फोटो येत नाही.

माझ्या काउंटरवरून जे दिसतं ते असं: ऑक्टोबर-नोव्हेंबरात दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरायला लागतात, तेव्हा उधारी वाढते. डिसेंबरात प्रयोगवह्या पुऱ्या करायच्या असतात. कोणी दहा रुपये घेऊन येतो नि आलेखाचे सुटे कागद मागतो, कारण आख्खं पुस्तक परवडत नाही. जानेवारीत जुने प्रश्नसंच विचारतात. या चार महिन्यांत मला एकाही मंडळाचा फोन आल्याचं आठवत नाही.

म्हणून माझी सवय अशी झालीय की कोणी जूनमध्ये पैसे दिले तर ते पाकिटात घालून वर तारीख लिहिते: 'दिवाळीनंतर'. काही देणारे रागावतात. रागावू देत.

आठवीतलं मूल बरं शिकत असेल तर त्याला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतलं हवं. इथे एक पाय घसरतो. 'हुशार आहे, इंग्रजी मीडियमला घालूया' म्हणून दाते सहावी-सातवीत मुलाला विनाअनुदानित शाळेत नेतात, दोन वर्षं फी भरतात, मग त्यांचा उत्साह संपतो. फीही गेली आणि शिष्यवृत्तीही.

कागद नंतर बघू म्हणणं

मुरूड इथून हाकेच्या अंतरावर. धोंडो केशव कर्वे तिथले. 1875 साली सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरुडाहून चालत घाट चढून साताऱ्याला गेले, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक शाळेत सांगतात. किती कष्ट, किती जिद्द वगैरे. पुढचं जरा भरभर सांगतात: तिथे पोचल्यावर वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. मला गोष्टीतला तोच भाग महत्त्वाचा वाटतो. पोर एवढं चालून पोचतं आणि टेबलामागचा माणूस परत पाठवतो, हे अजूनही होतं. फक्त आता टेबलावर कॉम्प्युटर असतो.

माझ्याकडच्या एका मुलीला शिष्यवृत्ती लागली. पेढे वाटले. पैसे मात्र वर्षभर आले नाहीत. शाळेच्या रजिस्टरात बापाचं नाव एक, आधारवर स्पेलिंग दुसरं, बँकेत तिसरं. त्यात खात्याची केवायसी राहिलेली. बापाला सुट्टी नाही, आईला सही येत नाही, बँकेत गेलं की 'उद्या या'. उद्या यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. मी दुकान बंद ठेवून चार खेपा घातल्या तेव्हा जमलं. ज्यांनी तिला सायकल दिली होती त्यांना म्हटलं होतं, सायकल नको, एक दिवस सुट्टी काढून हिच्यासोबत बँकेत जा. "तेवढा वेळ कुठे असतो, ताई?"

तर काय करायचं? सातवीतच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. आधारचे बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यावे लागतात. पंधरावं म्हणजे ऐन नववी-दहावी, ते विसरलं की तिथेच गाडी अडते. जातीच्या दाखल्याला एक पूर्ण मे महिना धरा. कातकरी समाज आदिम जमातींत मोडतो, पण कागद नसेल तर त्या नोंदीचा पोराला काही उपयोग नाही. आणि कोणी शाळा 'जन्मदाखला नाही, टीसी नाही' म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश अडवत असेल तर वाद न घालता शिक्षण हक्क कायद्यातली तरतूद पुढे ठेवा. कागदासाठी प्रवेश नाकारता येत नाही. मी त्या पानाची झेरॉक्स ड्रॉवरमध्येच ठेवते.

बाप गेलाय, एकटी आई सांभाळतेय अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा 2,250 रुपये. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. वेळ लागतो. वाटपाचा एक कार्यक्रम कमी करा आणि असे दोन अर्ज शेवटापर्यंत न्या.

उचलून होस्टेलला टाकणं

हे माझ्या हातून झालं, म्हणून सविस्तर सांगते.

सहावीतला एक कातकरी मुलगा होता. सुट्टे पैसे मोजण्यात असा तरबेज की माझ्या आधी हिशेब सांगायचा. दिवाळी झाली की आईबाप कोळशाच्या भट्टीवर जायचे, ते जूनच्या तोंडावर परत. सहासात महिने पोर कधी त्यांच्यासोबत, कधी आजीकडे. मला घाई झाली. वाटलं, याचं डोकं वाया जाणार. ओळखीतून लांबच्या एका वसतिगृहात जागा मिळवली, नवी पेटी घेतली, बापाचा अंगठा घेतला आणि जूनमध्ये एसटीत बसवून स्वतः सोडून आले. परत येताना छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दुकान आवरत होते. बाहेर पावसाची झोड. पागोळ्यांखाली तो उभा. काही ट्रकने, काही चालत आला होता. पाय पांढरे पडून सुरकुतलेले, चपला हातात, आणि गणवेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून कोरडा ठेवलेला. पहिल्यांदा मी ओरडलेच. तो म्हणाला, "चढणीचे मासे लागले असतील ना काकू." मी आणखी चिडले, माशांसाठी पळून आलास? मग चहा पिता पिता खरं निघालं. धाकटी बहीण सहा वर्षांची. आजीला रातीचं दिसत नाही. रात्री पोरीला बाहेर जायचं झालं की हाच सोबत जायचा. एवढी धावपळ केली मी, पण 'तू गेल्यावर बहिणीला कोण?' हे ना मी विचारलं, ना वसतिगृहाने.

त्याला परत पाठवलं नाही. जवळच्या शाळेत त्याच वर्गात बसवलं. भट्टीचे महिने आले की आजीकडे तांदूळ, डाळ, तेल पोचवायचं आणि दोन्ही मुलं तिथेच ठेवायची, असं आईबापांशी ठरवलं. शनिवारी शाळा सुटल्यावर दुकानात तोंड दाखवून जायचं, एवढी एकच अट. पेटीपेक्षा हे स्वस्त पडलं. दहावी झाला, पुढचं शिकला नाही. मला हळहळ वाटते, त्याला नाही.

आईबापांबरोबर मूल जाणारच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता येतं. आणि वसतिगृह खरंच हवं असेल तर आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोला. घरात कोण काय करतं हे तिला ठाऊक असतं.

याच जातीची पण वाईट चाल म्हणजे 'आमच्याकडे मुंबईला राहील, वरकाम करील, शिकेलसुद्धा'. गणपतीत असे प्रस्ताव हमखास येतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवणं गुन्हा आहे, मग तुम्ही त्याला दिवाळीला कितीही कपडे करा. मी तोंडावर सांगते, आणि ऐकलं नाही तर 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवते.

उरलेल्या, थोडक्यात

काळे बूट आणि मोजे जूनमध्ये देऊ नका. आमच्या पावसात आठवड्यात बुरशी धरते, मग ते माळ्यावर जातात. रबरी सॅन्डल द्या, मापं घेऊन.

गणवेश सरकारकडून मिळतो. दुसरा देण्याआधी पहिल्याचा रंग विचारा. हसू नका, निळ्या शाळेत खाकी वाटलेली मी पाहिलीय.

टॅब देऊ नका. रेंज टेकडीवर, चार्जर भावाकडे.

अनाथ, बेवारस किंवा बाल कल्याण समितीपुढे आलेल्या मुलाचा ओळख पटेल असा फोटो टाकणं बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. बाकीच्यांना लाज असते, ती कायद्यात लिहिलेली नाही म्हणून काढून घेऊ नका.

दोन दिवस येऊन 'मुलांना इंग्रजी शिकवतो' म्हणणाऱ्यांनी समुद्र बघावा, मासे खावेत.

शाळकरी मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत आहे. तरी मुली चालत जातात, कारण शाळा पाचला सुटते आणि गाडी पावणेपाचला गेलेली असते. पाससाठी वर्गणी काढू नका. गावांची नावं आणि मुलींची संख्या घालून शाळेच्या लेटरहेडवर आगारप्रमुखांना पत्र द्या, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. आमच्याकडे तिसऱ्या पत्राला गाडी वीस मिनिटं पुढे सरकली.

आणि शेवटची, चष्मा. मूल 'ढ' आहे असं ठरवून शिकवणी लावण्याआधी त्याला फळ्यावरचं वाचायला सांगा. गेल्या वर्षी माझ्याकडच्या अकरापैकी दोघांना दिसतच नव्हतं. त्यातला एक दुकानात नेहमी पाटीला नाक लावून किमती वाचायचा, आणि मी त्याला इतकी वर्षं आगाऊ समजत होते.